आश्विनाची फुले वैशाखात लावावी लागतात

२०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला होता. पुढच्या वर्षी तो १२ तारखेला आला, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरलाच उरकला आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे पुन्हा २० ऑक्टोबरवर जातो. पंचांग उघडणाऱ्याला यात नवल वाटत नाही. धाराशिव जिल्ह्यात पंधरा-वीस गुंठे झेंडू लावणाऱ्याचे मात्र सगळे वर्ष या एका तारखेभोवती फिरते. रोप लावल्यापासून फूल हाती यायला साधारण दोन महिने लागतात. त्यामुळे आषाढ-श्रावणात आभाळाकडे बघत, बोटांवर दिवस मोजत तो लागण करतो. बहर आठ दिवस आधी आला तर पितृपंधरवड्यात फूल कवडीमोल जाते आणि आठ दिवस उशिरा आला तर दसरा निघून गेलेला असतो. दिवस अगदी बरोबर जुळले, तरी ते सगळ्यांचेच जुळलेले असतात. दसऱ्याच्या दुपारनंतर न खपलेल्या झेंडूचे ढीग बाजारातच सोडून माणसे रिकाम्या कॅरेटनिशी गावाकडे परततात, हे दृश्य आता कोणाला नवे नाही.

२०२५ मध्ये तर हिशेब करायचीही वेळ आली नाही. घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि त्याच दिवसांत परंडा-भूम भागातल्या नद्या-ओढे पात्र सोडून शेतात शिरले. सोयाबीन गेले, जनावरे गेली, कित्येक ठिकाणी मातीच खरवडून गेली. त्या पाण्यापुढे कोणतेच पीक टिकले नसते. पण असे वर्ष येऊन गेल्यावर एक प्रश्न विचारायलाच हवा. शरद ऋतूतला सगळा रंग आणि सगळी कमाई एकाच फुलाच्या एकाच आठवड्यावर का टाकायची?

या प्रश्नाचे एक उत्तर जमिनीखाली आहे. गुलछडी, कर्दळ, सोनटक्का, पावसाळी लिली ही फुले बियांतून किंवा कोवळ्या रोपांतून येत नाहीत, ती कंदांतून येतात. कंद म्हणजे झाडाने आधीच्या वर्षी साठवून ठेवलेली शिदोरी. पाऊस आठ दिवस मागेपुढे झाला म्हणून ती सडून किंवा वाळून जात नाही, आणि एकदा फुलायला लागलेली बाग एका दिवसात संपतही नाही. धाराशिव जिल्ह्याने शरदातल्या या कंदांकडे गांभीर्याने पाहावे. अंगणवाल्याने अंगणापुरते पाहावे, शेतकऱ्याने पाच-दहा गुंठ्यांपुरते आणि तुळजापूरसारख्या क्षेत्राने आपल्या फुलांच्या गरजेपुरते.

शरद म्हटले की इंग्रजी बागकामाच्या पुस्तकात पानगळ येते. मराठवाड्यात पानगळ माघ-फाल्गुनात होते. इथला शरद म्हणजे वर्षातले सर्वांत भरलेले दिवस. विहिरींना पाणी असते, माळावर गुडघाभर गवत असते, कारळाची शेते पिवळी धमक होतात, बांधावर तरवड फुलतो. खेडोपाडी घटावरची माळ याच तरवडाच्या आणि कारळाच्या फुलांची बांधतात. विकत काही आणावे लागत नाही. मराठी घरांत नऊ दिवसांच्या नऊ माळांची जी यादी सांगतात, त्यात सहावी माळ कर्दळीच्या फुलांची असते. म्हणजे शरदात फुलणारा कंद या मातीतल्या धर्माचारात आधीपासूनच बसलेला आहे. त्याला नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही, अंगणात परत जागा देण्याची आहे.

ही जागा कशी गेली, हेही पाहायला हवे. पूर्वी न्हाणीच्या मागे जिथे सांडपाणी मुरायचे तिथे कर्दळीचा गच्च पुंजका असायचा. सिमेंटच्या गटारी आल्या, अंगणात फरशी आली आणि कर्दळ गेली. नव्या घरांच्या दारात कुंड्या आल्या आणि कुंड्यांत लावायला मोबाइलवरून मागवलेली पाकिटे. त्या पाकिटांवर ट्युलिप, क्रोकस, हायसिंथ यांची चित्रे असतात. कंद आयात केलेले, महाग आणि या हवेत जवळजवळ वाया जाणारे. एखाद्या वर्षी दोन पाने येतात, मग काहीच येत नाही आणि लावणारा आपल्याच हाताला दोष देतो.

दोष हाताचा नाही. प्रत्येक कंदाला आपल्या मूळ मुलखाचे घड्याळ असते. केशराचे पीक पाहा. काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारावर केशराचे कंद उन्हाळा उतरताना लावतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमिनीलगत जांभळी फुले येतात. जगातले हे सर्वांत मोलाचे शरदपुष्प. एक किलो केशरासाठी दीड लाखाच्या घरात फुले खुडावी लागतात. केशर, क्रोकस, कोल्चिकम ही मंडळी मूळची अशा प्रदेशांतली, जिथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस-बर्फ हिवाळ्यात पडतो. उन्हाळ्यात ती झोपतात, हवा गारठली की जागी होतात. धाराशिवात नेमके उलटे घडते. त्यांच्या झोपेच्या दिवसांत इथे पाऊस कोसळतो आणि कंद कुजतात. महाराष्ट्रात बंद खोलीत वातानुकूलन लावून केशर फुलवणारे आहेत, त्यांची जिद्द मोठी आहे. पण ते काश्मीरची हवा विजेच्या बिलातून विकत घेणे झाले, बागकाम म्हणून ते घराघरात होणारे नाही.

मग धाराशिवच्या घड्याळाशी कोणाचे घड्याळ जुळते? मेक्सिकोचे. धाराशिव शहर साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मेक्सिको सिटी १९ अंशांच्या थोडी वर. मेक्सिकोचे पठार उंचीने बरेच जास्त आहे, पण पावसाची चाल ओळखीची वाटेल अशी आहे. उन्हाळ्यात पाऊस सुरू होतो, ऑक्टोबरपर्यंत ओसरतो, मग लांबलचक कोरडा हंगाम. अशा ठिकाणची झाडे पावसाळ्यात वाढतात, पाऊस संपताना फुलतात आणि थंडीत शिदोरी जमिनीत ठेवून गप्प बसतात. झेंडू तिथलाच, डेलिया तिथलाच आणि गुलछडीही तिथलीच. झेंडू दख्खनमध्ये एवढा रुजला की तो बाहेरचा आहे हे सांगितले तर आजही लोकांना खरे वाटत नाही. त्याचे कारण भक्तीत जेवढे आहे तेवढेच हवामानातही आहे.

गुलछडीची गोष्ट तर त्याहून जवळची आहे. ॲझ्टेक लोक तिला ओमिशोचित्ल म्हणत, म्हणजे हाडाचे फूल. मेणासारख्या पांढऱ्या पाकळ्यांवरून ते नाव पडले असावे. सोळाव्या शतकात ती युरोपात पोहोचली, पुढे भारतात आली. बंगालने तिला रजनीगंधा म्हटले, उर्दूने गुल-ए-शब्बो, मराठी कवितेने निशिगंध आणि मराठी बाजाराने गुलछडी. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे तिचे कूळ तपासून तिला अगेव्ह प्रजातीत घातले. आता तिचे शास्त्रीय नाव अगेव्ह अमिका. अगेव्ह म्हणजे घायपात. धाराशिवच्या माळरानावर, बांधांवर, रेल्वेच्या कडेला जी काटेरी घायपात कसल्याही दुष्काळात उभी असते, तिची ही सख्खी बहीण. घायपात आयुष्यात एकदाच उंच दांडा काढते, फुलते आणि मरते. गुलछडीचा कंदही एकदाच फुलतो. त्याच्या बुडाला मात्र तोवर आठ-दहा पिल्ले धरलेली असतात आणि पुढच्या हंगामाचा बहर तीच देतात. ज्याला हे ठाऊक नसते तो दुसऱ्या वर्षी ‘कंद म्हातारे झाले’ म्हणून उपटून टाकतो. प्रत्यक्षात बाग तेव्हा तरुण होत असते.

आता लावायचे कसे आणि केव्हा, हे सविस्तर सांगायला हवे, कारण चूक इथेच होते. दसरा जवळ आला की लोकांना फुलांची आठवण होते आणि मग ते रोपवाटिकेत जातात. आश्विनात फुलायचे असेल तर कंद वैशाख-ज्येष्ठात जमिनीत गेलेला असावा लागतो. अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. लागणीनंतर साधारण तीन महिन्यांनी पहिले दांडे दिसतात. मेअखेरीस लावलेली बाग ऑगस्टच्या शेवटी फुलू लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात भरात येते. थंडी वाढली की बहर मंदावतो. म्हणजे गणपती, गौरी, नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी यांपैकी कोणताही सण पंधरा-वीस दिवस पुढेमागे सरकला तरी दांडे हातात असतातच. २०२३ आणि २०२५ च्या दसऱ्यांत २२ दिवसांचे अंतर होते. झेंडूवाल्याला त्या अंतराने रडवले असते, गुलछडीवाल्याला ते जाणवलेही नसते.

कंद दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा, टणक आणि निरोगी निवडावा. त्याहून बारीक पिल्ले वेगळ्या वाफ्यात वाढवावीत, ती पुढच्या वर्षी फुलतात. दोन ओळींत ३० सेंटिमीटर, दोन कंदांत २० सेंटिमीटर आणि पाच-सहा सेंटिमीटर खोली एवढे पुरते. या अंतराने एका गुंठ्यात साधारण १,६०० कंद बसतात, दहा बाय दहा फुटांच्या वाफ्यात दीडशे. नुकत्याच काढलेल्या कंदांना महिना-दीड महिना सावलीत पसरून विश्रांती द्यावी आणि मगच पुन्हा लावावेत. ही विश्रांती टाळली तर उगवण मागेपुढे होते आणि बाग एकसारखी येत नाही.

सर्वांत मोठा शत्रू साचलेले पाणी. जिल्ह्यातली भारी काळी जमीन ज्वारी-हरभऱ्याला सोन्यासारखी, पण पावसाळ्यात ती चिकटून बसते आणि तिच्यात कंद गुदमरतो. बुडाशी पांढरी बुरशी धरते, पाने एकाएकी लोळतात. बालाघाटाच्या पठारावरची मुरमाड, हलकी जमीन, जिच्याबद्दल मालक नेहमी तक्रार करतो, ती कंदांना उलट मानवते. काळ्या जमिनीत करायचेच असेल तर गादीवाफे उचलून घ्यावेत, वाफ्यात कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी, लावण्याआधी कंद बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून घ्यावेत. दुसरा त्रास सूत्रकृमींचा. त्यावर शेतकऱ्याच्या हातातलाच उपाय आहे. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना झेंडूच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये सोसत नाहीत. गुलछडी लावण्याआधी त्या जागी झेंडू घ्यावा, किंवा कडेने त्याच्या ओळी लावाव्यात. म्हणजे झेंडू सोडून गुलछडी करा असे सांगण्याचा हा खटाटोप नाही. दोन्ही मेक्सिकोची, दोन्ही एका वावरात नांदणारी.

पाण्याबद्दल सरळ बोलले पाहिजे. या जिल्ह्याचा सरासरी पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही एका वर्षी निम्मा आणि एका वर्षी दीडपट. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तेव्हा धाराशिवच्या गावांतही टँकरच्या रांगा होत्या. अशा ठिकाणी फुलांचे नाव काढणाऱ्याने आधी पाण्याचा हिशेब द्यावा, ही अपेक्षा रास्तच आहे. व्यापारी गुलछडी हे कोरडवाहू पीक नाही. लागणीपासून पाऊस लागेपर्यंत तिला पाणी हवे, पुढे पावसाने ओढ दिली तरी हवे. एकर-दोन एकर करायचे तर विहीर आणि ठिबक दोन्ही लागतील. अंगणातल्या दीडशे कंदांचे तसे नाही. भाज्या-धान्य धुतलेले पाणी त्यांना पुरते. साबण-सोड्याचे पाणी तेवढे टाळावे. आणि एखाद्या वर्षी पाणी आटलेच, तर पाने वाळतात पण कंद जमिनीत तग धरून राहतो. मोगऱ्याचे किंवा गुलाबाचे झाड वाळले म्हणजे गेले. कंद पुढच्या मृगाची वाट पाहू शकतो, आणि दुष्काळी मुलखात फुलझाडाचा याहून मोठा गुण सांगता येणार नाही.

वाण निवडताना सुट्या फुलांसाठी एकेरी आणि दांड्यांसाठी दुहेरी, एवढा ठोकताळा पुरतो. एकेरी फूल हार-वेण्यांना जाते आणि त्याचा वासही अधिक. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेले शृंगार आणि प्रज्वल हे एकेरी वाण, सुवासिनी हा दुहेरी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले रजनी हा वाण महाराष्ट्रासाठी आहे. तुळजापुरात कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे, पुण्यात केंद्र सरकारचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे. म्हणजे ज्ञान तालुक्याच्या गावापर्यंत येऊन थांबले आहे. पुढचे दहा-वीस किलोमीटर ते चालत नाही, कारण फूल म्हणजे चैन आणि सोयाबीन म्हणजे शेती, अशी एक समजूत बसलेली आहे. भाव पडलेल्या सोयाबीनच्या पोत्यांवर बसून ही समजूत पुन्हा तपासायला हवी.

गुलछडीखेरीज आणखी तीन-चार कंद शरदाच्या अंगणात हक्काने बसतात. पांढरी पावसाळी लिली, जिला वनस्पतिशास्त्रात झेफिरँथस कँडिडा म्हणतात, ती दक्षिण अमेरिकेतली. चांगला पाऊस पडून गेला की चार-पाच दिवसांत एकाएकी सगळा वाफा पांढरा करते आणि भाद्रपद-आश्विनात तिचे असे दोन-तीन बहर येतात. गच्चीवरच्या उथळ कुंडीतही ती सुखाने राहते. सोनटक्क्याला ओल फार लागते. तो सगळ्यांनी लावू नये, पण विहिरीच्या पाटाजवळ किंवा हौदाच्या सांडीला जागा असेल तर श्रावणापासून आश्विनापर्यंत संध्याकाळी त्याच्या वासाने परसदार भरून जाते. तिकडे क्यूबाने याच फुलाला राष्ट्रीय फूल केले आहे. कर्दळीला काहीच लागत नाही, फक्त तिला कोणी उपटू नये.

कळलावीचे मात्र सांभाळून बोलले पाहिजे. येडशीच्या रामलिंग घाटात आणि बालाघाटाच्या झुडपांत पावसाळ्यात वर चढणारी ही वेल. पानाच्या टोकाचाच ताणा करून ती आधार धरते, आणि ज्वाळेसारखी पिवळी-तांबडी फुले घेऊन उभी राहते. अग्निशिखा हे तिचे दुसरे नाव पाहताक्षणी पटते. तिचा कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून संस्कृतात लांगली. तमिळनाडूचे हे राज्यपुष्प, तिथे बियांसाठी तिची शेती होते, कारण तिच्यात कोल्चिसिन असते. संधिवाताच्या एका दुखण्यावर, गाउटवर, ते औषध आहे. गंमत अशी की युरोपातल्या बागांत शरदात फुलणाऱ्या कोल्चिकममध्येही तेच द्रव्य आहे आणि दोघींचे कूळ एकच. म्हणजे पाकिटातून मागवलेला परदेशी शरदकंद इथे रुजत नाही, आणि त्याची देखणी नातेवाईक मात्र इथल्या घाटात फुकट फुलते. पण हे द्रव्य जालीम विष आहे. कंदाचा थोडासा भागही जीव घेऊ शकतो. घरात लहान मूल असेल किंवा दारात उस्मानाबादी शेळ्या बांधलेल्या असतील, तर कळलावी लावू नये. आणि रानातून तर तिचे कंद कोणीही खणून आणू नयेत. औषधाच्या नावाखाली बेसुमार खणल्यामुळे ही वेल अनेक डोंगरांवरून दिसेनाशी झाली आहे. ती घाटातच पाहावी, तिथेच राहू द्यावी.

विषारी कंदाशीही माणसे किती जिव्हाळ्याने राहू शकतात, याचे उदाहरण जपानात आहे. सप्टेंबरच्या शेवटी, दिवस-रात्र समान होतात त्या आठवड्यात जपानी माणसे पितरांच्या स्मरणासाठी स्मशानभूमीत जातात. त्या सणाला हिगान म्हणतात. पितृपंधरवड्याच्या आसपासचेच ते दिवस. नेमक्या त्याच आठवड्यात भातखाचरांच्या बांधांवर आणि थडग्यांजवळ लालभडक लायकोरिस फुलते. पान एकही नसते, नुसता दांडा आणि त्यावर लाल तुरा. तिचे एक नाव मांजुशागे, आणि ते ‘मंजूषक’ या संस्कृत शब्दावरून बौद्ध ग्रंथांतून तिकडे गेले. शेतकऱ्यांनी ती बांधावर लावली कारण विषारी कंदांमुळे घुशी-उंदरांसारखे प्राणी बांध पोखरत नाहीत. दुष्काळात त्याच कंदांचे पीठ वारंवार धुऊन, विष काढून लोकांनी खाल्ले. एका फुलात बांध, पितर आणि दुष्काळ असे सगळे एकत्र आलेले आहे. आज टोकियोजवळ हिदाका गावी नदीकाठी लाखो कंदांचा गालिचा फुलतो आणि तो पाहायला माणसे रेल्वेने येतात. तो गालिचा एका ठराविक आठवड्यातच फुलतो आणि गावाची वर्षभराची ओळख बनतो.

तुळजापूरकडे असा एक आठवडा नाही, जवळजवळ महिना आहे. भाद्रपद वद्य अष्टमीला देवी निद्रेस जाते, घटस्थापनेला सिंहासनावर येते, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पुन्हा श्रमनिद्रा घेते आणि आश्विन पौर्णिमेला जागी होते. बुऱ्हाणनगरहून पालखी येते, ती परंपरा आहे आणि तशीच राहावी. पण हार-वेण्यांची फुले गाड्या भरून जिल्ह्याबाहेरून यावीत, अशी परंपरा कोणी घालून दिलेली नाही. लाखो भाविक येणाऱ्या क्षेत्राच्या पंचक्रोशीत पाच-पाच, दहा-दहा गुंठ्यांच्या गुलछडीच्या बागा असाव्यात, पहाटे कळी टरारलेली असताना तोडलेले फूल तासाभरात महाद्वारापाशी पोहोचावे, यात अशक्य असे काही नाही. उलट गुलछडीसारख्या नाजूक फुलाला हेच अंतर परवडते. पुण्या-मुंबईपर्यंत जाताना वाटेत ते कोमेजते आणि भाडेही खाते. मंदिर आणि नगरपरिषद यांनी नवरात्राच्या आधी दोन महिने गावोगावच्या उत्पादकांशी दर आणि वजन ठरवून घेतले, तर कमाईचा मोठा भाग वाहतुकीत जाणार नाही, तो तालुक्यातच राहील.

याच्या आड येणारी गोष्ट प्लॅस्टिकची आहे. चौकातल्या कमानींवर, मंडपांत, गाड्यांच्या आरशांवर आता कापडी-प्लॅस्टिकची फुले लटकलेली दिसतात. लांबून ती गुलछडीच वाटतात. कृत्रिम फुलांवर बंदी घालावी, ही मागणी २०२५ मध्ये विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात झाली. बंदीची मागणी योग्यच आहे. पण बंदी आली आणि खरे फूल जवळ उपलब्ध नसले, तर लोक चोरून तेच प्लॅस्टिक लावतील. खरे फूल स्वस्त आणि हाताशी असणे, हाच त्यावरचा टिकणारा उपाय आहे.

आणि याची सुरुवात सरकारी योजनेची वाट न पाहताही होऊ शकते. कंदांचा एक गुण बाजाराला फारसा आवडणारा नाही, पण गावाला आवडावा असा आहे. ते दर वर्षी वाढतात. तीन वर्षांनी गुलछडीचा वाफा दाटतो आणि मग तो खणून कंद वेगळे करावेच लागतात. शंभर कंद लावणाऱ्याकडे तेव्हा वाटण्याइतके कंद असतात. हळदीचे, सुरणाचे, कर्दळीचे गड्डे लेकीबरोबर सासरी पाठवता येतात. त्यात गुलछडीचे दहा कंद सहज बसतील. शाळेच्या आवारात पन्नास कंदांचा एक वाफा केला तर चौथी-पाचवीतल्या मुलांना कंद म्हणजे काय हे फळ्यावर चित्र काढून समजवावे लागणार नाही. मेमध्ये शाळा बंद असते, ही अडचण खरी आहे. पण शाळा उघडते ती मृगाच्या सुमारासच, आणि पंधरा जूनला लावलेला कंदही सप्टेंबरअखेर दांडा काढतो.

यासाठी सर्वांत चांगली जागा मात्र रस्त्याच्या कडेला आहे. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला हजारो माणसे पायी येतात. पंचेचाळीस किलोमीटरचा तो रस्ता. संध्याकाळी निघालेली माणसे रात्रभर चालतात, गावागावांत त्यांच्यासाठी चहा-फराळाचे मंडप उभे राहतात, कोणी पायांना तेल लावून देते. गुलछडीचा वास रात्री सर्वाधिक दरवळतो, कारण तिला रात्री येणाऱ्या पतंगांना बोलवायचे असते. तामलवाडीपासून पुढे घाटापर्यंत ज्या गावांत हे मंडप लागतात, त्यांनी ग्रामपंचायतीच्या जागेत, शाळेच्या कुंपणाला, मंडपाच्या नेहमीच्या ठिकाणी दोन-दोनशे कंद वैशाखात लावले, तर चार-पाच महिन्यांनी पौर्णिमेच्या रात्री पाय ओढत चालणाऱ्या माणसाला चहाचा मंडप दिसायच्या आधी फुलांचा वास येईल. २०२६ मध्ये ती पौर्णिमा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे. गुलछडी तेव्हा फुललेलीच असते.